गोल अडवणारा माणूस मुलांचा कोच होतो तेव्हा

डिसेंबर २०२५ मध्ये मेस्सी वानखेडेवर येऊन गेला. त्याच कार्यक्रमात राज्य सरकारने तेरा वर्षांखालच्या मुलामुलींसाठी ‘महादेवा’ नावाची फुटबॉल योजना पुढे आणली, आणि नाशिकमधल्या बऱ्याच घरांत एक नवा प्रश्न शिरला. पोरीला किंवा पोराला फुटबॉलला घालायचं का, आणि घालायचं तर कोणाकडे?

क्रिकेटच्या कोचचं आपल्याला निदान थोडं कळतं. गोल्फ क्लबच्या मैदानावर रणजी सामने बघितलेले असतात, कोण कुठवर खेळलाय याचा अंदाज असतो. फुटबॉलच्या बाबतीत मात्र ‘सर प्रोफेशनल खेळलेत, डिफेंडर होते’ एवढं कानावर आलं की कोणी लगेच फी भरतं, तर कोणी म्हणतं, ‘डिफेंडरच ना, स्ट्रायकर असते तर गोष्ट वेगळी.’ दोन्ही निर्णय घाईचे आहेत. बचावपटू मैदानावर काय करतो, त्याची कारकीर्द कशी चालते आणि ती संपल्यावर मुलांना शिकवायला त्याला नव्याने काय शिकावं लागतं, हे एकदा समजलं की कोच निवडताना काय बघायचं हेही समजतं.

बचावपटूचं काम काय असतं?

अकरा जणांत एक गोलकीपर. त्याच्यापुढे बहुतेक संघांत चौघांची फळी: मधले दोघे सेंटर बॅक, कडेचे दोघे फुलबॅक. राखायचा गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच.

टीव्हीवर आपल्याला टॅकल दिसतं, म्हणजे पाय घालून बॉल काढून घेणं. पण चांगल्या सेंटर बॅकला टॅकल कमी करावी लागतात, कारण बॉल जिथे येणार तिथे तो आधीच उभा असतो. दर काही सेकंदांनी तो मान वळवून तीन गोष्टी तपासतो: बॉल कुठे आहे, आपण राखायचा माणूस कुठे आहे, आणि मागे मोकळी जागा किती पडली आहे. त्यात तोंड सतत चालू. ‘मागे माणूस आहे’, ‘वेळ आहे, वळ’, ‘कडेला ढकल त्याला’. सगळं मैदान त्याच्यासमोर असतं, त्यामुळे पुढच्यांना जे दिसत नाही ते सांगणं त्याच्याकडे येतं.

ऑफसाइडचा नियम इथेच समजून घेऊ. समोरच्या संघाच्या अर्ध्या मैदानात, साथीदाराने पास दिला त्या क्षणी, हल्ला करणारा खेळाडू बॉलच्या पुढे असेल आणि समोरच्यांच्या शेवटून दुसऱ्या खेळाडूच्याही पुढे असेल, तर त्या जागेवरून त्याला खेळात भाग घेता येत नाही. शेवटचा सहसा गोलकीपर असतो. म्हणून व्यवहारात सगळ्यात मागचा बचावपटू ही रेषा ठरवतो. चौघांनी एकाच वेळी दोन पावलं पुढे टाकली तर समोरचा स्ट्रायकर ऑफसाइड. चौघांतला एक जण मागे रेंगाळला तर तोच स्ट्रायकर गोलकीपरसमोर एकटा. हे एकट्याच्या कौशल्याचं काम नाही.

या कामाची नोंद कुठेच होत नाही. न झालेला गोल स्कोअरबोर्डवर लागत नाही, चूक मात्र सगळ्यांना दिसते. २०१४ चा विश्वचषक जिंकलेल्या जर्मन संघातला पेर मेर्टेसॅकर, देशासाठी १०४ सामने खेळलेला सेंटर बॅक, त्याने २०१८ मध्ये एका मुलाखतीत सांगितलं की सामन्याच्या दिवशी त्याला मळमळायचं, पोट बिघडायचं. २००६ च्या विश्वचषकात घरच्या मैदानांवर जर्मनी उपांत्य फेरीत हरली तेव्हा दुःखाबरोबर सुटल्यासारखंही वाटलं, हेही त्याने सांगितलं. २०१८ मध्येच तो निवृत्त झाला आणि लंडनच्या आर्सेनल क्लबच्या अकॅडमीचा प्रमुख झाला. मला या माणसाबद्दल फार आदर वाटतो. मुलांच्या पोटात काय चालतं हे त्याला स्वतःच्या शरीरावरून कळलेलं होतं.

नियम बदलले तसं कामही बदललं

ऑफसाइड होऊ नये म्हणून पूर्वी हल्ला करणाऱ्यासमोर तीन खेळाडू असावे लागत. १९२५ मध्ये ते दोन झाले. इंग्लंडच्या पहिल्या डिव्हिजनमध्ये एका हंगामात १,१९२ गोल झाले होते, ते पुढच्याच हंगामात १,७०३ झाले. मग संघांनी मधल्या फळीतला एक माणूस मागे ओढला. जुनी मंडळी अजूनही ज्याला स्टॉपर म्हणतात तो हाच.

दुसरा बदल १९९२ चा. त्याआधी बचावपटू अडचणीत आला की बॉल मागे गोलकीपरकडे द्यायचा आणि गोलकीपर तो हातात उचलायचा. १९९० च्या विश्वचषकात सामन्यामागे सरासरी २.२१ गोल झाले, लोक कंटाळले, आणि साथीदाराने मुद्दाम पायाने दिलेला बॉल गोलकीपरने हाताळायला बंदी आली. २०१९ पासून गोलकिक, म्हणजे गोलजवळून खेळ पुन्हा सुरू करणारी किक, पेनल्टी एरियाच्या, म्हणजे गोलसमोरच्या मोठ्या चौकटीच्या, आतच साथीदाराला देता येऊ लागली. या दोन बदलांनंतर ज्याला दबावाखाली पास देता येत नाही असा बचावपटू मोठ्या स्तरावर टिकत नाही. म्हणजे १९९० च्या आधी घडलेला कोच आणि आजचं फुटबॉल यांत खूप अंतर पडलं आहे. स्वतःला नव्याने शिकवलेलं नसेल तर तो मुलांना जुनं काम शिकवेल.

कारकीर्द किती वर्षांची?

सतरा-अठराव्या वर्षी पहिला करार मिळाला तर नशीब चांगलं. सेंटर बॅक बहुधा सत्ताविशी-अठ्ठाविशीनंतर बहरतो, कारण खेळ वाचायला वर्षं लागतात. पस्तिशीपर्यंत बहुतेकांचं संपतं. मधल्या काळात दोन-तीन वर्षांचे करार, बदलणारी शहरं आणि दुखापती. गुडघ्याचा एसीएल लिगामेंट तुटला तर शस्त्रक्रियेनंतर परतायला साधारण आठ-नऊ महिने जातात.

भारतीय बचावपटूला एक फायदा झाला: आयएसएल म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये २०२१-२२ च्या हंगामापासून मैदानावरच्या परदेशी खेळाडूंची मर्यादा ५ वरून ४ वर आली, त्यामुळे जागा थोड्या वाढल्या. मुंबईचा राहुल भेके २०१९ च्या आयएसएल अंतिम सामन्यात जादा वेळेत डोक्याने गोल मारून बेंगळुरूला जिंकवून गेला, तोही बचावपटूच. पण भरवसा कशाचाच नाही. २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेल्या अन्वर अलीला २०१९ मध्ये हृदयाचा आजार निघाला. त्याला खेळू द्यायचं की नाही हा वाद न्यायालयापर्यंत गेला, २०२१ मध्ये तो परतला आणि पुढच्या वर्षी वरिष्ठ भारतीय संघात आला. आणि जुलै २०२५ मध्ये तर आयएसएलचा पुढचा हंगामच लांबणीवर पडला. खेळाडू करार हातात घेऊन बसून राहिले.

म्हणून तिशी ओलांडलेला प्रत्येक खेळाडू पुढचा विचार करत असतो, आणि बऱ्याच जणांचा विचार कोचिंगवर येऊन थांबतो.

देशासाठी खेळलेल्यालाही परवाना लागतो?

लागतो. भारतात सुरुवातीला फुटबॉल महासंघाचं, म्हणजे एआयएफएफचं, डी लायसन्स. त्यानंतर आशियाई महासंघाची सी, बी, ए आणि शेवटी प्रो. आयएसएलच्या मुख्य कोचकडे प्रो किंवा त्याच्या तोडीचं लायसन्स असावं लागतं. प्रत्येक पायरीवर वर्ग, प्रात्यक्षिक, परीक्षा, आणि दोन पायऱ्यांच्या मध्ये प्रत्यक्ष संघाबरोबर घालवलेला काळ.

हे का महत्त्वाचं, ते गॅरेथ साउथगेटच्या कारकिर्दीतून दिसतं. १९९६ च्या युरो, म्हणजे युरोपातल्या देशांच्या स्पर्धेच्या, उपांत्य सामन्यात जर्मनीविरुद्ध वेम्ब्लीवर त्याची पेनल्टी अडवली गेली आणि इंग्लंड बाहेर पडलं. २००६ मध्ये खेळणं थांबवलं तसा तो थेट मिडल्सब्रोचा मॅनेजर झाला, आवश्यक लायसन्स नसताना, खास सवलत घेऊन. २००९ मध्ये संघ खालच्या डिव्हिजनमध्ये गेला आणि त्याची नोकरी गेली. २०१३ ते २०१६ त्याने इंग्लंडच्या २१ वर्षांखालच्या संघाला शिकवलं. माझ्या मते तो खरा घडला इथे. पुढे २०१८ मध्ये इंग्लंडने विश्वचषकातलं आपलं पहिलं पेनल्टी शूटआउट जिंकलं तेव्हा कोच तोच होता.

आपल्याकडे मुंबईचे नौशाद मूसा बघा. खेळले बचावपटू म्हणून. नंतर बेंगळुरू एफसीच्या दुसऱ्या संघाबरोबर आणि युवा खेळाडूंबरोबर वर्षानुवर्षं काम केलं, २०२१ मध्ये मुख्य संघाची तात्पुरती जबाबदारी घेतली, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये भारताच्या २३ वर्षांखालच्या संघाला कतारमध्ये आशियाई पात्रता फेरीत घेऊन गेले. बहरीन आणि ब्रुनेईला हरवलं, यजमान कतारकडून हरले, पात्रता थोडक्यात हुकली. महेश गवळी दुसरे. २००३ मध्ये जकार्तात आसियान क्लब स्पर्धा जिंकणाऱ्या ईस्ट बंगालचे बचावपटू. २०२३ च्या सॅफ, म्हणजे दक्षिण आशियाई देशांच्या, स्पर्धेत मुख्य कोच स्टिमाच निलंबित असताना उपांत्य आणि अंतिम, दोन्ही सामन्यांत बाकावरून संघ त्यांनी सांभाळला आणि भारताने चषक जिंकला.

मोठ्यांचा कोच आणि मुलांचा कोच यांत फरक काय?

हा या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे, आणि दिंडोरी-निफाडकडच्या कोणालाही तो पटकन कळेल. द्राक्षबागेत वर्षाला दोन छाटण्या. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी. खरड छाटणीनंतर बागेत विकायला काहीच येत नाही. पण त्यानंतरच्या दीड-दोन महिन्यांत नव्या काडीच्या डोळ्यात, म्हणजे कोंब फुटायच्या जागी, सूक्ष्म घड तयार होतात. बाहेरून दिसत नाहीत. त्या काळात पाणी, खत, ऊन चुकलं तर ऑक्टोबरला कितीही खर्च करा, डोळा फुटतो पण घड निघत नाही. आणि एप्रिललाच माल पाहिजे म्हणून काडीवर जबरदस्ती कोणी शहाणा बागायतदार करत नाही.

वरिष्ठ संघाचा कोच ऑक्टोबरचं काम करतो. या शनिवारी सामना जिंकायचा, नाहीतर नोकरी जाते. मुलांचा कोच एप्रिलचं काम करतो. नऊ वर्षांच्या मुलाने उजव्या-डाव्या दोन्ही पायांनी बॉल थांबवायला शिकणं, पास घेण्याआधी मान वळवून बघणं, चुकल्यावर पुन्हा तेच करून बघण्याची हिंमत ठेवणं, यातलं काहीही रविवारच्या सामन्याच्या निकालात दिसत नाही. उलट या गोष्टी शिकवणारा संघ सुरुवातीला जास्त हरतो, कारण बॉल उडवून लावण्याऐवजी मुलं पास द्यायला जातात आणि तो हुकतो.

इटलीच्या चेझारे माल्दिनींनी हे काम फार वर्षं केलं. १९६३ मध्ये युरोपियन कप जिंकणाऱ्या एसी मिलानचे ते कर्णधार, बचावपटू. नंतर इटलीच्या २१ वर्षांखालच्या संघाचे कोच. १९९२, १९९४ आणि १९९६, सलग तीन युरोपियन विजेतेपदं. त्याच मिलानच्या फ्रांको बारेसीने आख्खी कारकीर्द एका क्लबात घालवली आणि पुढे तिथल्याच युवा संघांना शिकवलं.

‘स्वतः मोठ्या स्तरावर खेळलेलाच चांगलं शिकवेल ना?’

असं नाही. ज्या मिलानमध्ये बारेसी खेळला त्या संघाला १९८९ आणि १९९० मध्ये युरोपियन कप जिंकून देणारे आरिगो साकी कधीच व्यावसायिक फुटबॉल खेळले नव्हते. खेळलेल्या माणसाकडे एक अडचणसुद्धा असते: जे त्याला सहज जमतं ते कसं जमतं हे त्याला शब्दांत सांगता येत नाही. ‘अरे, कळत नाही का, तिथे उभं राहायचं!’ असं ओरडणारा माजी खेळाडू मुलांना काहीच शिकवत नसतो. तो थांबून विचारतो का, ‘तुला तिथून काय दिसत होतं?’, यावर माझं लक्ष असतं.

बचावपटूला इथे थोडा फायदा आहे. त्याने सगळं आयुष्य खेळाकडे तोंड करून, बोलत, दुसऱ्यांना जागेवर आणत काढलेलं असतं. पण फायदा म्हणजे हमी नाही.

‘डिफेंडर कोच पोरांना बॉल उडवायलाच शिकवेल’

ही शंका रास्त आहे. चुकीची शिक्षा लगेच मिळते अशा जागेवर पंधरा वर्षं काढलेल्या माणसाच्या मनात धोका टाळणं खोल बसलेलं असतं. ‘उडव! बाहेर घाल!’ हे त्याच्या तोंडून आपोआप निघतं. मोठ्यांच्या सामन्यात ८८ व्या मिनिटाला ते बरोबरही असेल. दहा वर्षांच्या मुलीला सांगणं मात्र तिचं नुकसान आहे, कारण दबावात बॉल जवळ ठेवून बघायचं वय हेच. बचावपटूला कोच होताना सगळ्यात अवघड जातं ते ही भीती बाजूला ठेवणं. ज्याला ते जमलं तो उत्तम कोच होतो, कारण चूक झाल्यावर पोटात कसा गोळा येतो हे त्याला माहीत असतं आणि तो मुलांना त्यापासून वाचवतो.

ओळखायचं कसं? पंधरा मिनिटं बांधावर उभं राहा. मुलाने चुकीचा पास दिला आणि गोल झाला, तर सरांचा पुढचा शब्द काय आहे ते ऐका.

‘माझा उंच आहे म्हणून त्याला आत्तापासूनच बॅकला टाकलंय’

बारा-तेरा वर्षांच्या वयात एकाच वर्गातल्या दोन मुलांच्या शरीरांत काही वर्षांचं अंतर असू शकतं. मुलींची उंची सरासरी बाराव्या वर्षाच्या आसपास, मुलांची चौदाव्याच्या आसपास सगळ्यात वेगाने वाढते. कोणाची लवकर, कोणाची उशिरा. लवकर वाढलेल्याला ‘तू उंच, तू मागे’ म्हणून जागा ठरवून दिली आणि दोन वर्षांनी बाकीच्यांनी त्याला गाठलं, की त्याच्याकडे उंचीही उरत नाही आणि पायातलं कौशल्यही नसतं. शिवाय २००६ चा विश्वविजेता कर्णधार आणि त्याच वर्षीचा बॅलन डी’ओर, म्हणजे सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार, मिळवणारा फाबियो कान्नावारो हा सेंटर बॅक होता आणि त्याची उंची १.७६ मीटर. निदान तेरा वर्षांपर्यंत मुलाला सगळ्या जागांवर खेळवणारा कोच शोधा. छोट्या मैदानावर, पाच किंवा सात जणांचे संघ करून. अकरा-अकराच्या सामन्यात लहान मुलाच्या वाट्याला बॉल फारच कमी येतो.

हेडिंगचं काय?

हेडिंग म्हणजे डोक्याने बॉल मारणं. यावर पालकांनी आवर्जून प्रश्न विचारला पाहिजे. ग्लासगोतल्या संशोधकांनी स्कॉटलंडच्या ७,६७६ माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंची नोंद सामान्य लोकांशी ताडून पाहिली. मेंदूच्या ऱ्हासाचे आजार, म्हणजे डिमेन्शियासारखे, खेळाडूंमध्ये सुमारे ५ टक्क्यांना झाले, इतरांमध्ये १.६ टक्क्यांना. २०२१ मध्ये जागेनुसार हिशेब आला तेव्हा गोलकीपरचा धोका सामान्य लोकांपेक्षा ठळकपणे जास्त निघाला नाही आणि बचावपटूंचा सगळ्यात जास्त, सुमारे ५ पट. ही सगळी जुन्या काळातली, आयुष्यभर डोक्याने बॉल मारलेली मंडळी होती. कारण हेडिंगच आहे हे यातून सिद्ध होत नाही, पण संशयाचं बोट तिकडेच जातं.

अमेरिकेने दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना हेडिंग बंद केलं. इंग्लंड आणि स्कॉटलंडने २०२० मध्ये लहान मुलांच्या सरावातून ते काढलं. म्हणून तुमच्या आठ वर्षांच्या मुलाला ओळीत उभं करून बॉल डोक्यावर टाकत असतील तर सरळ सरांना थांबवायला सांगा. भीड बाळगू नका. स्वतः बचावपटू असलेल्या कोचला हे सगळ्यात आधी पटायला हवं.

‘सर, यात क्लबचं तरी पोट भरतं का?’

मुलांच्या कोचला पगार कमी, प्रसिद्धी त्याहून कमी. घडवलेला खेळाडू सोळाव्या वर्षी मोठ्या क्लबात जातो आणि नाव तिकडे होतं. फिफाच्या नियमांत यासाठी एक तरतूद आहे: व्यावसायिक खेळाडू करार चालू असताना पैसे मोजून एका देशातून दुसऱ्या देशातल्या क्लबात गेला, तर त्या रकमेतले ५ टक्के त्याला १२ ते २३ व्या वर्षांच्या दरम्यान घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. १२ ते १५ या वयासाठी दर वर्षाला रकमेच्या ०.२५ टक्के, १६ ते २३ साठी ०.५ टक्के. समजा, नाशिकच्या एखाद्या क्लबात मुलगी किंवा मुलगा १२ ते १५ अशी चार वर्षं होता आणि पुढे त्याची परदेशात १ कोटीला बदली झाली, तर त्या क्लबाच्या वाट्याला १ टक्का, म्हणजे १ लाख रुपये. अशा बदल्या भारतीय खेळाडूंच्या अजून फार होत नाहीत. पण मिळायचे तर नोंद असली तरच मिळतात.

ही नोंद म्हणजे एआयएफएफच्या सीआरएस या ऑनलाइन प्रणालीतली खेळाडूची नोंदणी. नुसत्या टर्फवरच्या बॅचमध्ये, फीच्या पावतीवर, ती होत नाही. क्लब संघटनेशी संलग्न असावा लागतो आणि जन्मतारीख खऱ्या कागदपत्रांवर द्यावी लागते. वय कमी लावून दिलं तर पुढे मनगटाच्या हाडांच्या तपासणीत अडकायला होतं. फिफा २००९ पासून १७ वर्षांखालच्या विश्वचषकात ही तपासणी करते. तेव्हा प्रवेश घेताना सर कुठे खेळले हे विचारून झालं की आणखी तीन गोष्टी विचारा: लायसन्स कोणतं आणि कधीचं, या वयाच्या किती मुलांमागे एक कोच, आणि माझ्या मुलाची सीआरएसमध्ये नोंद कोणत्या क्लबाच्या नावाने होणार.